पक्ष्यांची हजेरी कोण घेणार?

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की आपल्या मोबाईलवर डॉ. सलीम अलींचा फोटो फिरू लागतो. पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, खाली जन्मतारीख १२ नोव्हेंबर १८९६. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. तो मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. आपले मुस्लिम बांधव अभिमानाने लिहितात, ‘आपला माणूस.’ इतरही लिहितात, ‘भारताचा पक्षीपुरुष.’ दोन्ही बरोबर आहे. पण फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या दारातल्या झाडावर बसणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे सांगता येतील? उर्दूत नाही, मराठीत नाही, निदान दोन्ही मिळून तरी?

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. मी जुन्नरमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. भाषेच्या शिक्षकाला शब्द हरवलेले कळतात. गेली काही वर्षे माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात वेगाने हरवत चाललेले शब्द कोणते, तर पक्ष्यांची, माशांची आणि झाडांची नावे. आणि हे घडतेय त्याच खोऱ्यांत, जिथून दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याने असे जीव आणि त्यांची नावे गोळा करून लंडनला नेली. त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून आधी ती सांगतो.

त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, मृत्यू १८७२. तो कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो होता. पेशवाई संपल्यावर नव्या मुलखाची मोजदाद करायची म्हणून मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला आकडेवारी गोळा करायला नेमले. गावे किती, माणसे किती, पिके कोणती, पाऊस किती, वजनमापे कोणती, हे सगळे त्याने लिहून घ्यायचे. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. मधल्या काळात दख्खन त्याने घोड्यावरून पालथे घातले, आणि माणसे मोजता मोजता पक्षी, प्राणी, मासे हेही तो गोळा करत गेला.

आपल्या भागाशी त्याचा संबंध वरवरचा नाही. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख उतरवून त्याने १८३७ मध्ये छापले. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या धुक्यात स्वतःच्या सावलीभोवती पडलेले गोल इंद्रधनुष्य त्याने पाहिले. आज गिर्यारोहक ज्याला इंद्रवज्र म्हणतात तेच हे. त्याचे वर्णन दख्खनच्या हवामानावरील त्याच्या १८३५ च्या लेखात आहे. (‘१८३५ मध्ये साइक्सने ते पाहिले’ असे जे सर्रास लिहिले जाते ते चूक. त्या वर्षी तो विलायतेत होता. ते वर्ष छपाईचे आहे.) मिननेर, घोडनेर, भीमनेर ही आपली मावळ खोरी. पावसाळ्यात तिथे आजही एसटी वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते. त्या काळी असल्या मुलखात बंदुका, सामान आणि माणसे घेऊन हिंडणे म्हणजे काय, याचा अंदाज करून पाहा.

पक्षी गोळा करणे म्हणजे त्या काळी पक्षी मारणे. दुर्बिणी साध्या होत्या, कॅमेरा नव्हता. पक्षी बंदुकीने पाडायचा किंवा फासेवाल्याकडून जिवंत घ्यायचा, कातडे पिसांसकट अलगद सोलायचे, आत कापूस भरायचा, कीड लागू नये म्हणून सोमल लावायचे, पायाला चिठ्ठी बांधायची आणि पेटीत भरून समुद्रापार धाडायचे. साइक्सने १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तिच्यात २०० हून अधिक पक्षी होते, आणि त्यांतले ५६ विज्ञानाला नवे होते असे मानले जाते.

‘विज्ञानाला नवे’ या शब्दांपाशी थोडे थांबू. शेताच्या बांधावर मान आखडून बसणारा तो भुरकट बगळा, ज्याला आपण वंचक किंवा ढोकरी म्हणतो, तोही साइक्सच्या यादीमुळे ‘नवा’ ठरला. आपल्या पणज्या त्याला रोज पाहत होत्या. नवीन होते ते फक्त त्याचे लॅटिन नाव.

आता ही नावे पाहा, कारण खरी गंमत त्यांच्यात आहे. एका रातव्याला साइक्सने ‘महरत्तेन्सिस’ म्हटले, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. एका धोब्याला ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनी. एका वटवट्याला ‘रामा’, एका चंडोलाला ‘देवा’, आणि सह्याद्रीच्या दाट झाडीतल्या काळ्या बुलबुलाला चक्क ‘गणीसा’, म्हणजे गणेश! बाकी काही नावे साहेबांच्या वाट्याला गेली. करड्या सातभाईला ‘माल्कमी’, म्हणजे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम. घाटातल्या लालभडक शिंजिराला ‘विगॉर्सी’, म्हणजे लंडनच्या त्याच संस्थेचा चिटणीस. भीमाशंकरचे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्यालाही १८३१ मध्ये साइक्सनेच एलफिन्स्टनचे नाव लावले. म्हणजे राम, गणेश आणि लाटसाहेब सगळे एकाच यादीत.

माशांच्या बाबतीत मात्र तो वेगळा वागला. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर लिहिले तेव्हा अनेक माशांची कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच त्याने लॅटिनमध्ये बसवली. खुडरी, शिंगटी, कोळस, रोहटी. आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महसीर माशाला ‘टॉर खुद्री’ म्हणतो. तो जपानी असो की ब्राझिलियन, त्याच्या जिभेवर आपल्या नदीकाठचा एक मराठी शब्द आहे. पुण्या-शिरूरच्या नद्यांवर जाळे टाकणाऱ्या कोणा माणसाने ‘ही खुडरी’ असे सांगितले, आणि तो शब्द कायमचा शास्त्रात गेला.

त्या माणसाचे नाव काय होते? ते कुठे सापडत नाही.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. साइक्सचे नाव चंडोलाला आहे, रातव्याला आहे, वटवट्याला आहे. एलफिन्स्टन, माल्कम, विगॉर्स सगळे अमर झाले. पण कोणत्या झुडपात रातवा दिवसा झोपतो हे ज्याने दाखवले, ज्याने फासा लावला, ज्याने डोंगर चढताना पेटी डोक्यावर वाहिली, ज्याने नाव उच्चारून सांगितले, तो सगळा समाज ‘मराठे याला अमुक म्हणतात’ एवढ्या शब्दांत आटोपला. रानकुत्र्याच्या नोंदीत ‘कोळसून’ हा शब्द उरला, सांगणारा उरला नाही.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की हे सगळे लुटारू होते, त्यांनी आपले पक्षीही लुटले. दुसरे मत असे की साहेब होते म्हणून निदान नोंद झाली, आपल्या लोकांना काय पडले होते? मला दोन्ही मते आळशी वाटतात. साइक्स राज्यकर्त्यांचा माणूस होता, त्याची मोजदाद महसुलासाठी होती आणि पुढे तो कंपनीचा संचालकही झाला, हे खरे. पण त्याने कोळ्याचा शब्द कानात तेल घालून ऐकला आणि शास्त्रात ठेवला, हेही तितकेच खरे. त्याला शिव्या देऊन किंवा त्याची आरती करून आपली जबाबदारी संपत नाही. त्याने अर्धे काम केले. उरलेले अर्धे, म्हणजे सांगणाऱ्याची नोंद, आपण तरी करतो का?

सलीम अलींनीही बंदूक वापरली होती. मामांच्या, अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेल्या या मुलाने लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला. तिथे कपाटांतले भरलेले पक्षी त्याने पाहिले आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कच्छ अशा मोहिमांत त्यांनीही नमुने गोळा केले. पण त्यांचे मोठेपण कपाटात भरलेल्या पक्ष्यांत नाही. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला ते सुगरणीच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसून राहिले. नर एक घरटे विणतो, मादीला ते पसंत पडले की ती त्यात संसार मांडते, आणि नर पुढच्या घरट्याला लागतो. मेलेल्या सुगरणीच्या कातड्यावरून हे कधीच कळले नसते. निष्कारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर फिर्याद मांडेल, अशा अर्थाची एक हदीस आहे. पहिल्या चिमणीचे मोल सलीम अलींनी पुढे आयुष्यभर पाहण्याने आणि लिहिण्याने चुकते केले, असे मला वाटते.

सलीम अलींच्या संस्थेच्या इतिहासात आणखी एक नाव आहे, आणि ते आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. अली हुसेन. बिहारच्या मीर शिकार समाजातला माणूस. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारी ही मुस्लिम जमात. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचे स्थलांतर तपासण्याचे काम संस्थेने सुरू केले तेव्हा पक्षी जखमी न करता पकडायचा कसा, हे पुस्तकी विद्वानांना ठाऊक नव्हते. ते अली हुसेनला ठाऊक होते. भरतपूरच्या पाणथळीत त्याच्या हातांनी हे काम उभे राहिले. त्याच्याकडे पदवी नव्हती. तरी त्याचे नाव नोंदले गेले. साइक्सच्या काळापासून तिथपर्यंत येताना जी खरी प्रगती झाली ती मला ही वाटते.

मग मनात येते, आपल्याकडच्या फासेपारध्याचे काय? ठाकराचे, कातकऱ्याचे, महादेव कोळ्याचे काय? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याची वाट मोकळी करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तितराची शीळ हुबेहूब घालणारा पारधी पोलीस ठाण्यातल्या यादीत गेला, पक्षीशास्त्राच्या यादीत आलाच नाही.

आता भाषेकडे येतो, कारण तो माझा धंदा आहे. पक्ष्यांची नावे ही कोणा एका जातीधर्माची मिरास नाही. ‘बुलबुल’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठी आजीच्या तोंडी असा रुळला की तो परका वाटतच नाही. साइक्सचा ‘गणीसा’ हासुद्धा बुलबुलच! म्हणजे नावात गणेश आणि जातीत बुलबुल. शिकरा, बाज, बहिरी ही शिकारी पक्ष्यांची नावे दरबारी बाजदारांबरोबर दख्खनेत आली आणि इथलीच झाली. उलट कोयल, मोर, पपीहा हे इथल्या मातीतले शब्द उर्दू शायरीचा जीव आहेत. शब्दांना पासपोर्ट लागत नाही.

पपीह्याचेच पाहा. मराठीत तो पावशा. जूनच्या तोंडावर तो ओरडू लागला की आमच्या मीना खोऱ्यातला शेतकरी ऐकतो, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. उर्दू-हिंदीचा आशिक तोच आवाज ऐकतो, ‘पी कहाँ’, म्हणजे माझा प्रिय कुठे आहे? आणि उन्हाने डोके उठलेल्या इंग्रजाला तोच आवाज ऐकू आला ‘ब्रेन-फीव्हर’, मेंदूज्वर! पक्षी एक, आवाज एक, कान तीन. भाषा म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगला धडा बीएडच्या कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही.

पण हा धडा शिकवायचा कोणाला? वर्गात दहा पक्ष्यांची नावे लिहा म्हटले की शहरातली मुले कावळा, चिमणी, पोपट, कबूतर, मोर इथपर्यंत येतात आणि मग पेंग्विन, शहामृग, ईगल लिहू लागतात. न पाहिलेला पेंग्विन आठवतो, छतावर रोज ओरडणारी साळुंकी आठवत नाही. उर्दू माध्यमाचे मूल असो की इंग्रजी, फरक नाही. पश्चिम पट्ट्यातून शिकायला येणाऱ्या आदिवासी मुलांचे वेगळे दुखणे. त्यांना नावे येतात, पण ती वर्गात बोलायची लाज वाटते. एकाने हळूच मला विचारले, ‘सर, आमच्याकडचं नाव लिहिलं तर चूक धरतील का?’ हा प्रश्न ऐकल्यावर मला साइक्स आठवतो. त्या साहेबाने ‘खुडरी’ चूक धरली नव्हती. आपण मात्र धरतो. पुस्तकात छापलेले तेवढेच शुद्ध, आईने सांगितलेले अशुद्ध.

‘नावाने काय बिघडते? पोरांना मार्क हवेत, नोकरी हवी,’ असे एका पालकाने मला सुनावले. बिघडते ते सांगतो. आमच्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडांची झुंबड पडायची. मग ती दिसेनाशी झाली. ढोरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक नावाचे दुखण्यावरचे औषध मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे पुढे २००४ मध्ये सिद्ध झाले. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये भारतात बंदी आली. तोवर देशभरातली बहुतेक गिधाडे संपली होती. आजच्या मुलांना ‘गिधाड’ हा शब्द फक्त शिवी म्हणून माहीत आहे. आधी पक्षी जातो, मग त्याचे नाव जाते. कधी उलटही होते. नाव आधी जाते, आणि मग पक्षी गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

कुरआनात हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांचा प्रसंग आहे. त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली आणि विचारले, हुदहुद का दिसत नाही? मग हुदहुद सबाच्या राणीची खबर घेऊन आला. आपण ही गोष्ट राणीसाठी सांगतो, तिच्या सिंहासनासाठी सांगतो. शिक्षक म्हणून माझे लक्ष मात्र पहिल्या वाक्यावर जाते. एवढा मोठा बादशहा, आणि त्याच्या सैन्यातला एक पक्षी गैरहजर आहे हे त्याच्या ध्यानात आले! गैरहजेरी कोणाच्या ध्यानात येते? ज्याला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते त्याच्याच. पट नसेल तर वर्गातले अर्धे पोर गायब झाले तरी मास्तरला कळायचे नाही. मराठीतही हा पक्षी हुदहुदच आहे. डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, गवतात चोच खुपसून किडे शोधतो. पण त्याला पाहून ‘हुदहुद’ म्हणणारी मुले आता किती?

नाव आणि वस्तू यांचे नाते आमच्या भागाला नव्याने शिकवायला नको. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कारभार घोडेगावातून चालतो, पण तालुक्याचे नाव आंबेगावच. गाव बुडाले तरी नाव कागदावर होते म्हणून टिकले. पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने पूर्वेकडची शेते हिरवी केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पाण्याखाली नदीकाठ गेले, काठावरची माणसे पांगली. त्यांच्याबरोबर कोणत्या माशांची, कोणत्या पाखरांची नावे पांगली, याची नोंद कोणी ठेवली?

म्हणून माझे मागणे साधे आहे. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक शाळेत, उर्दू असो, मराठी असो की आश्रमशाळा, एक वही असावी. वहीत पाच रकाने. पक्षी कसा दिसतो. आमच्या घरात त्याला काय म्हणतात, मग ते मराठी असो, दखनी असो की ठाकरी. कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसला. तो काय खातो, कसा ओरडतो. आणि पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: हे कोणी सांगितले. आजीचे नाव, गुराख्याचे नाव, मच्छी विकणाऱ्या मावशीचे नाव, पूर्ण नाव. साइक्सच्या यादीत हा पाचवा रकाना नव्हता. बंदूक नको, पेटी नको, सोमल नको. कान आणि पेन्सिल पुरे.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर फोटो काढला की ॲप नाव सांगते, वही कशाला? ॲप जरूर वापरा, मीही वापरतो. पण ॲप जे नाव सांगेल ते दूरच्या कोणी तरी भरलेले असेल. तुमच्या नानीने सांगितलेले नाव त्याला कोण सांगणार? मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता आदिवासींकडून शब्द वेचले आणि मराठीला ‘पक्षीकोश’ दिला. एका माणसाने एका आयुष्यात एवढे केले. दोन तालुक्यांच्या शाळा मिळून एका वर्षात किती करतील?

आणि हे काम उर्दू शाळांनी आधी हाती घ्यावे असे मला वाटते. आपली मुले दोन भाषांत वाढतात. घरात दखनी, रस्त्यावर मराठी, पुस्तकात उर्दू. याला आपण ओझे समजत आलो. पक्ष्यांच्या वहीत मात्र हेच भांडवल आहे. शेजारच्या ठाकर मुलाकडून नाव विचारून घ्यायचे, त्याचे नाव पाचव्या रकान्यात लिहायचे, आणि त्याला आपले नाव सांगायचे. एकमेकांच्या घरातले शब्द ठाऊक असलेली पोरे मोठेपणी एकमेकांना परकी समजणार नाहीत, इतपत आशा शिक्षकाने ठेवायला हरकत नाही.

येत्या १२ नोव्हेंबरला सलीम अलींचा फोटो जरूर पाठवा. पण त्याखाली आपल्या गल्लीत त्या दिवशी दिसलेल्या पाच पक्ष्यांची नावे लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ते तुम्हाला कोणी सांगितले तेही लिहा.